आठ महिने वापरल्यावर: फ्रंट लोड मशीन, सोलरचं पाणी आणि एक बादली

परवा कंपनीचा माणूस येऊन वॉशिंग मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे आत पाणी सोडणारी झडप, बदलून गेला. 1,480 रुपये. मशीनला आठ महिने झालेत, वॉरंटी दोन वर्षांची. त्याने मागे वाकून पाहिलं, भिंतीवरचे दोन अँगल कॉक आणि दोन्ही लाईन जोडणारा मधला टी पाहिला आणि म्हणाला, "सर, गरम लाईन जोडलीय. यात वॉरंटी बसत नाही." मी तासभर भांडलो. पैसे दिले. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मशीन सात किलोचं, बाकी स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात. आधीचं टॉप लोड चौदा वर्षं चाललं. शेवटी कपडे पिळताना त्याखाली तेल गळायला लागलं. मेकॅनिकने गिअरबॉक्सचा आकडा सांगितला आणि आमच्याकडच्या भाषेत चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला असा प्रकार झाला. भंगारवाल्याने 900 रुपये दिले. दसऱ्याला नवं घरात आलं.

फ्रंट लोडच का, तर गरम पाण्यासाठी. जुन्या मशीनला हीटर नव्हता. चादरी-टॉवेलांच्या दिवशी ही गिझरच्या दोन बादल्या कोमट पाणी वरून ओतायची. छत्तीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं म्हणजे 720 किलोकॅलरी. एका युनिटात 860 मावतात. गिझरची गळती धरली तर प्रत्येक धुण्यामागे जवळजवळ एक युनिट. नव्याचा हीटर आतच, आणि पाणी कमी. किती कमी, ते मी मोजलं. आउटलेटचा पाइप बाथरूममध्ये आणून बादल्या लावल्या. जुनं मशीन आठ बादल्या सोडायचं, नवं तीन. धुण्याला चौदा लिटर, मग तीन वेळा विसळायला तेवढंच तेवढंच. बादल्या उचलून माझी पाठ धरली तेव्हा ही म्हणाली, "अहो, मशीन मला घेतलंय की तुमच्या मीटरला?"

इथवर मी मशीनवर खूश होतो. पण चौदा लिटर तरी विजेवर का तापवायचं? गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर आहे. नाशिकच्या उन्हात दुपारी त्याच्या पाण्याला हात लावता येत नाही. आमच्या मशीनला पाण्याची एकच नळी आहे, थंडची. पुस्तकात तसं लिहिलंही आहे. मी प्लंबरला बोलावून गरम लाईनवर टी मारून घेतला. "काका, कंपनीवाले बोंब मारतील," असं तो म्हणाला होता. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण घरात रोज ऐकतो आहे.

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर मी स्वतः मशीन लावलं. प्लगात लावायचं छोटं मीटर आणलंच होतं. कॉटन, 40 अंश: 0.31 युनिट. थंड नळीवर तोच प्रोग्राम 0.72 खायचा. म्हणजे निम्म्याहून कमी. मी मुलाला दाखवलं, शेजारच्या जोशीकाकांना दाखवलं. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तर या मशीनला पाचपैकी सहा तारे दिले असते.

जानेवारीचं बिल आलं. युनिटं कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली. महावितरणच्या बिलात 300 च्या वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं, आणि आम्ही नेमकी ती पायरी ओलांडली होती. थंडी होती, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता, म्हणून मी आधी थंडीवर ढकललं. मग एका पहाटे उठून मीटर लावलं तर 0.74. गरम लाईन चालू, कॉक पूर्ण उघडा, तरी 0.74!

याचं उत्तर बादलीतच होतं. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंतच्या पाइपात रात्रभर गार झालेलं पाणी असतं. नळ सोडला की एक बादली आणि वर चार-पाच तांबे गेल्यावर कोमट यायला लागतं. मशीन धुण्याला घेतं चौदा लिटर. म्हणजे ते पाइपातलं गार पाणीच घ्यायचं, हीटरवर तापवायचं, आणि सोलरचं गरम पाणी पोचायचं तेव्हा विसळणं सुरू झालेलं. तीसएक लिटर गरम पाण्यात आम्ही साबण विसळत होतो! पहिल्या दिवशी आंघोळींमुळे पाइप आधीच तापलेला होता, म्हणून तो सुंदर आकडा. रोज मात्र ही साडेपाचला उठल्या उठल्या मशीन लावते.

आणि बिल का वाढलं? सूनबाईंची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी असते. तिला पाणी कोमट मिळायला लागलं होतं. ती काही बोलली नाही. तिने गिझर लावला. दोन महिने.

तरी मी हट्ट सोडला नाही. आधी बादलीभर पाणी सोडून द्यायचं, मग मशीन सुरू करायचं, धुण्याचं पाणी घेऊन झालं की गरम कॉक बंद, थंड चालू. आकडा परत 0.33 वर आला. फक्त पहिली दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहावं लागतं. ही उभी राहायला तयार नव्हती. मी राहायचो. दोनदा कॉक फिरवायला विसरलो, एकदा दोन्ही बंद केले आणि मशीन पाण्याची वाट पाहत पिपाणी वाजवत बसलं.

शेवटी साधी गोष्ट करून पाहिली: थंड पाण्यात धुणं. 0.18 युनिट. रोजचे शर्ट-साड्या, कॉलरला आधी थोडा साबण घासला तर, स्वच्छ निघतात. हळदीचा डाग थंडमध्ये जात नाही, पण तो 60 अंशांतही गेला नव्हता. दोन दिवस उन्हात वाळत घातल्यावर गेला. आठवड्यातून एकदा चादरी-टॉवेल 40 वर. बस. मार्चपासून 300 च्या आत आहोत, गिझर बंद आहे.

आता कंपनीवरचा राग. कॉटन लावलं की आकडा आपोआप 40 वर येतो. थंड हवं तर बटण दाबत 60, 90 असं चढत जाऊन मग थंड येतं. मागच्या वेळी काय लावलं होतं हे मशीनला आठवत नाही. चष्मा नसताना हिने दोनदा रुमाल 90 वर उकळले. इतक्या महागड्या मशीनला एवढं लक्षात ठेवता येऊ नये?

पिळणं मात्र झकास. एप्रिलमध्ये अवकाळी आला त्या दिवशी घरातल्या दोरीवर टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळले.

व्हॉल्व्हबद्दल माझं मत: तो गरम पाण्याने गेला नाही. जाळीत पांढरा चुरा अडकला होता, तो सोलरच्या टाकीतला खार. तंत्रज्ञाचं म्हणणं, तो आला गरम लाईनमधूनच ना. यावर मला उत्तर सुचलं नाही.

टी काढून तिथे बूच मारलं. गरम लाईनवरचा कॉक भिंतीत तसाच आहे. त्यातून निघणाऱ्या पहिल्या गार बादलीने ही रोज फरशी पुसते.