जुन्या बोटीसाठी इपॉक्सी: वाळूजच्या दुकानातला माल
पैठणला नाथसागराकाठी फायबरची जुनी शिडाची बोट राहण्याजोगी करायची, तर इपॉक्सीसाठी (हार्डनर कालवला की कडक होणारं चिकट रेझिन) मुंबई गाठायला नको. वाळूज एमआयडीसीतल्या या दुकानात ते सुटं मिळतं, वजनही चोख. हार्डनर मात्र ‘स्लो’च मागा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फास्ट हार्डनरचं मिश्रण डब्यातच तापून दगड होतं. एका वेळी 200 ग्रॅमच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. ऊन चढायच्या आत काम आटपा. चॉप्ड मॅट, म्हणजे काचतंतूंच्या तुकड्यांची चटई, गळ्यात मारतील, घेऊ नका! तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत तसाच राहतो. विणलेलं ग्लास कापड घ्या. बोटीच्या भोकाभोवती, तिथल्या फायबरच्या जाडीच्या बारापट रुंद उतार घासायला 40 नंबरचा पेपर इथंच मिळेल. झोपायच्या फळ्यांचा प्लाय दुसरीकडे बघा. इथल्यावर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्काच नाही.