दुसऱ्या प्रश्नाला मी 'हो' लिहिलं होतं... ऑनलाइन ऑटिझम रिपोर्टच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

बरेच दिवस लिहू की नको करत होते. मिस्टर म्हणाले कशाला आपलीच अब्रू काढतेस, पण परवा आमच्याच गल्लीतल्या एकीने मला तीच जाहिरात दाखवली आणि विचारलं हे चांगलं आहे का गं, म्हणून आता लिहितेच.

आम्ही विट्याचे. मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कोइमतूरला असतात, दिवाळी नि जत्रेला येतात. घरी मी, सासूबाई आणि आमचे चिरंजीव. मागच्या जुलैत तो २६ महिन्यांचा होता आणि एक शब्द बोलत नव्हता. हाक मारली तरी ओ द्यायचा नाही, डब्याची झाकणं गरगर फिरवत बसायचा. सासूबाईंचं एकच, याचा बाप पण चार वर्षांनी बोलला, तू नको काळजी करू. मी काळजी करायची ती रात्री मोबाइल घेऊन, आणि मोबाइलला ते बरोबर कळतं. दोन दिवसांत रील यायला लागल्या, तुमचं मूल नावाला प्रतिसाद देत नाही का, घरबसल्या तपासा, डॉक्टरकडे जायची गरज नाही.

पहिल्यांदा ४९९ भरून वीस प्रश्न, हो किंवा नाही. (हे प्रश्न म्हणजे एम-चॅट नावाची ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, प्राथमिक तपासणी, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची, आणि ती पालकांना नेटवर फुकट भरता येते, हे मला नंतर कळलं.) भरून झाल्यावर स्कोअर लाल रंगात आला आणि पाचव्या मिनिटाला फोन. पेरेंट काउन्सेलर म्हणे. इतकी गोड बोलायची की काय सांगू, मॅडम तुम्ही वेळेवर आलात, तीन वर्षांनंतर मेंदूची खिडकी बंद होते, तुमच्याकडे फक्त दहा महिने आहेत. त्या दहा महिन्यांनी मला खाल्लं. लवकर थेरपी सुरू केलेली चांगली हे खरंच आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी कुठली खिडकी धाडकन बंद होत नाही, हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं.

मग २५०० रुपयांत व्हिडिओ कॉल. समोर एक गृहस्थ, नावामागे डॉ. लावलेलं, मागे पुस्तकांचा फोटो. कॉल १८ मिनिटांचा, मी स्क्रीन रेकॉर्ड केलाय म्हणून सांगते. त्यातली पहिली सात मिनिटं बाळ झोपलेलं, मग उठवलं म्हणून भोकाड पसरलेलं, आणि उरलेला वेळ साहेब माझ्याशीच बोलत होते, त्यातही निम्मं फीबद्दल. दोन तासांत नऊ पानांचा रिपोर्ट आला, मॉडरेट ऑटिझम, आयसा स्कोअर ११२. आयसा म्हणजे आपल्याकडे ऑटिझमच्या अपंगत्व सर्टिफिकेटसाठी वापरतात ती मोजपट्टी, त्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला एक ते पाच मार्क द्यायचे असतात. मला त्यातले चारसुद्धा विचारले नव्हते. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, ठोकळ्यांशी खेळताना नजर देत नाही. आमच्या घरात ठोकळेच नाहीत हो! आणि सहाव्या पानावर माझा मुलगा मुलगी झालेला. हे सगळं मी त्याच रात्री वाचलं होतं, खोटं नाही बोलणार, पण तेव्हा डोळ्यांसमोर फक्त तो ऑटिझम शब्द होता, बाकी काही दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पॅकेज, सहा महिन्यांची ऑनलाइन थेरपी ७८,०००. एवढे नाहीत म्हटलं तर लगेच नो कॉस्ट ईएमआय, महिना ६,५००, बारा हप्ते. ओटीपी मिस्टरांच्या मोबाइलवर गेला, त्यांनी भट्टीपाशी उभ्या उभ्या मला फोनवर सांगितला आणि मी त्या काउन्सेलरला सांगितला. संपलं. आम्हाला वाटलं आपण फी भरतोय, प्रत्यक्षात ते मिस्टरांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. असं मोबाइलवरचं कर्ज घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस ते परत करून मोकळं होता येतं, कूलिंग ऑफ म्हणतात, मुदत करारातच लिहिलेली असते. आम्ही करार उघडला नोव्हेंबरात.

थेरपी म्हणजे व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास कॉल. चार महिन्यांत तीन पोरी बदलल्या, प्रत्येक नवीन पोरगी पहिल्यापासून नाव विचारायची. बाळाला फळं नावानिशी ओळखायला शिकवा, मागून हाक मारा, न बघितल्यास पुन्हा मारा. मी दिवसातून शंभरदा मागून हाका मारत होते. हे वाक्य लिहिताना आता हात थरथरतो.

नोव्हेंबरात अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या बालआरोग्य योजनेची गाडी आली, वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतात ते. ताईंनी निरोप दिला म्हणून नेलं. मी मोठ्या रुबाबात तो नऊ पानी रिपोर्ट पुढे केला. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी तो चाळलासुद्धा नाही नीट, एवढंच विचारलं, कान तपासलेत का?

नव्हते तपासले. सांगलीला सिव्हिलच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासतात त्या केंद्रात पाठवलं, तिथं सगळं मोफत झालं. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघायची बेरा तपासणी केली, कानाच्या पडद्यामागचं प्रेशर बघितलं, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं. तीन महिने वाट बघून हटलं नाही म्हणून फेब्रुवारीत ग्रोमेट बसवले, पडद्यात बसवायची तांदळाएवढी नळी असते ती.

घरी येऊन मी ते वीस प्रश्न परत उघडले. दुसराच प्रश्न आहे, तुमच्या मुलाला ऐकू येत नसेल अशी शंका तुम्हाला कधी आली का. मी हो लिहिलं होतं. त्या हो चं त्यांनी काय केलं, तर ऑटिझमच्या स्कोअरमध्ये एक मार्क वाढवला आणि पुढे गेले. एका माणसालाही वाटलं नाही की आई म्हणतेय ऐकू येत नाही, तर आधी कान बघू.

व्हिडिओ कॉलवरच्या त्या साहेबांचा रजिस्ट्रेशन नंबर नंतर मागितला मी. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत डॉक्टरने आपला रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर दाखवायचाच असतो, आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. बरंच भांडल्यावर आरसीआयचा, म्हणजे पुनर्वसन क्षेत्रातल्या तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या परिषदेचा एक नंबर दिला, तो साइटवर टाकला तर भलत्याच माणसाचा, स्पेशल एज्युकेटरचा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, त्यावर कंपनीचं उत्तर, आमचा रिपोर्ट हे निदान नसून मार्गदर्शन आहे. रिपोर्टच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात डायग्नोस्टिक लिहिलंय ते कशाचं मग?

आणि व्हिडिओ कॉल म्हणजे फसवणूकच असं समजू नका. आता पुण्याच्या एक बालविकासतज्ज्ञ बघतात त्याला, पहिल्यांदा समोर बसवून दीड तास, मधला फॉलोअप व्हिडिओवरच. त्यांनी आधी मागवले जेवतानाचे, खेळतानाचे व्हिडिओ, मग कॉलवर मला सांगत गेल्या, फुगे उडवा, थांबा, तो तुमच्याकडे बघतो का बघू, आता डबा घट्ट बंद करून द्या, मदत मागतो का. अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या लोकांनी लहान मुलांसाठी अशीच पद्धत बसवलीय म्हणाल्या, आईने खेळवायचं आणि तज्ज्ञाने बघायचं. तासभर त्यांचे डोळे त्याच्यावरून हलले नाहीत, मला फी किती हे मीच शेवटी विचारलं.

ऑटिझम आहे का? त्या म्हणतात काही लक्षणं अजून आहेत, पण कान उघडून दोनच महिने झालेत, सहा महिन्यांनी परत बघू, तोवर स्पीच थेरपी चालू. कुकरची शिट्टी झाली की आता दचकून रडतो आणि सासूबाईंच्या पदरात शिरतो. पूर्वी शेजारी बसून खेळत राहायचा, आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमचा बाळ कशाला म्हणून घाबरत नाही.

ईएमआयचे तीन हप्ते राहिलेत.