सीआयटी बास्केटबॉल: पहाटे उठून बघावी अशी स्पर्धा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेत ६८ संघ जातात. जे राहतात, त्यांतल्या छोट्या कॉलेजांसाठी २००९मध्ये कॉलेजइन्सायडर पोस्टसीझन टूर्नामेंट, म्हणजे सीआयटी, सुरू झाली. मी फोंड्यात शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो, आणि त्यांना दाखवायला याहून चांगलं काही मला मिळालेलं नाही.

सामने कॉलेजच्याच कोर्टवर होतात. प्रेक्षक अगदी जवळ, बुटांची करकर आणि कोचची हाक स्पष्ट ऐकू येते. एनबीएतले (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले) डंक, म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं, बघून आमची मुलं नुसत्या उड्या मारतात; इथे साधा बाउन्स पास (जमिनीवर टप्पा देऊन दिलेला पास), स्क्रीन (आपल्या खेळाडूसाठी प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणं), बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीने मागे रोखणं) नीट दिसतं. २०१३ची फायनल तर शोधून बघाच: ईस्ट कॅरोलायना ७७, वेबर स्टेट ७४, आणि अगदी शेवटी अकीम रिचमंडचा थ्री-पॉइंटर! वर्गात आरडाओरडा झाला होता.

अमेरिकेच्या पूर्व भागातला संध्याकाळी ७चा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. पोदेराचा, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंगा वाजेपर्यंत चुरस शिगेला पोचलेली असते.

खटकतं ते एकच. घरच्या कोर्टवर सामना हवा तर कॉलेजला आयोजकांना पैसे मोजावे लागतात. गरीब कॉलेजांवर हा अन्यायच आहे. पुढच्या फेरीच्या जोड्याही आधीची फेरी झाल्यावर ठरतात, त्यामुळे वेळापत्रकावर लक्ष ठेवा.

२०१९नंतर खंड पडला होता. २०२४मध्ये स्पर्धा परतली आणि नॉरफोक स्टेट जिंकलं. माझ्याकडून ५पैकी ४.