पोडियम गार्डन बघायला दुपारी चार वाजता जा

वडाळ्याच्या टॉवरमध्ये राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली. बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण अशी बाग हल्ली बहुतेक नव्या टॉवरमध्ये असते. फ्लॅट बुक करताना मला खरी भुरळ पडली ती ब्रोशरमधल्या या बागेचीच. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती आमच्याकडेच राहणार होती. लिफ्टने उतरली की बागेत, असा माझा हिशेब.

बाग सहाव्या मजल्यावर, पार्किंगच्या छतावर आहे. स्लॅबवर माती जेमतेम दोन फूट. एवढ्यात हिरवळ तगते, कुंडीतले पाम तगतात. मोठं झाड मुळं पसरणार कुठे? तीन वर्षांत सावली देईल असं एकही झाड झालेलं नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलासुद्धा फरशी चपलेतून पोळते. बाकं चार, चारही उन्हात. हिरवळीवर चालायचं नाही, चेंडू आणायचा नाही, असे फलक मात्र जागोजागी. आई एक फेरी मारते आणि लिफ्टकडे वळते. स्वच्छता उत्तम आहे, रात्री साडेआठनंतर वारा फार छान येतो, आणि बाबागाडी फिरवायला याहून सोयीची जागा नाही, हेही सांगायलाच हवं. पण आईसाठी घेतलेली बाग आईच्या उपयोगाची नाही. पाचपैकी दोन तारे.

मार्चमध्ये एकदा आई म्हणाली, "मला फाइव्ह गार्डनला ने गं." फाइव्ह गार्डन म्हणजे दादर पारसी कॉलनीतल्या पाच बागा; तिचं माहेर जवळच्याच हिंदू कॉलनीतलं. टॅक्सी करून गेलो, पोचलो तेव्हा चार वाजले होते. मी छत्री उघडली, तिने ती मिटायला लावली. गरजच नव्हती. काठी टेकत, मध्ये दोनदा बसत तिने दोन बागा पायी पाहिल्या. ऑपरेशननंतर ती सलग एवढं कधी चाललीच नव्हती.

ही सावली आपोआप आलेली नाही. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची वसाहत आखली. ट्रस्टमधले इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 प्लॉट मिळवले. रस्त्यारस्त्याला वेगळी झाडं लावली गेली. फिरदौसी रोडला महोगनी आहे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पिठ्या ढेकणाने मुंबईतले पर्जन्यवृक्ष वाळत गेले ते आपण पाहिलंच आहे; सगळीकडे एकच झाड असतं तर एका किडीने रस्तेच्या रस्ते उघडे पडले असते.

दुसरं म्हणजे, दादर पारसी कॉलनीला भोवती भिंत नाही, फाटक नाही. पाच बागांच्या मधून सार्वजनिक रस्ते जातात आणि घरांची तोंडं बागांकडे. आई हिंदू कॉलनीतली असूनही लहानपणी रोज तिथे खेळायची, कोणी कधी हटकलं नाही. त्या दिवशीही शेजारच्या बाकावर व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं जर्नल उतरवत बसली होती. संध्याकाळी मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही, टॅक्सीनेच जा.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या एसीत बसून निर्णय घेऊ नका. पोडियमवर मातीची खोली किती, हे विचारा. झाडं जमिनीत आहेत की कुंडीत, ते स्वतः बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या आणि उन्हात दहा मिनिटं तिथे बसवा.

परतताना आईने महोगनीचं फुटलेलं फळ उचललं. त्यातलं पंखाचं बी कुंडीत रुजवलं, आता ते वीतभर झालंय. ते पोडियमवर लावू का, म्हणून गार्डन कमिटीच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "नको ताई, मुळं स्लॅब फोडतील."