प्रॅक्टिकल अनुभवासाठी ४२,५०० भरले, वर क्लाउडचं बिल आलं

हे लिहायला मला इतके महिने लागले, कारण लाज वाटत होती. पण ज्या क्लासने मला फसवलं, त्याच लोकांची जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. फक्त संस्थेचं नाव बदललंय, फोटोतली खोली तीच आहे. म्हणून लिहितोय.

जानेवारी २०२५ मध्ये मी एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे भाड्याने मिळणारी सर्व्हर-मशिन्स) सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा पास झालो. फी १५० डॉलर, वर जीएसटी. १००० पैकी ७२० लागतात, मला ७९१ मिळाले. त्यानंतर अडीच महिने पुण्यात जिथे अर्ज केला तिथे एकच प्रश्न: ‘प्रॉडक्शनवर काम केलंय का?’, म्हणजे कंपनीच्या खऱ्या, चालू सिस्टमवर. मी डेस्कटॉप सपोर्टला, पगार १६,५००. सर्टिफिकेट आहे म्हणून कुणी सर्व्हरला हात लावू देत नाही, आणि हात लावल्याशिवाय नोकरी नाही. हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. अशा वेळी ‘लाइव्ह क्लायंट प्रोजेक्ट, तीन महिने, अनुभवपत्रासह’ असं कुणी म्हटलं की माणूस जातो. मी डोळे मिटून गेलो नव्हतो. ऑफिस बघून आलो होतो, पंधरा मुलं लॅपटॉप उघडून बसलेली पाहिली होती.

नोंदणी २,५००. फी ३६,०००, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता आईच्या भिशीतून. शेवटी ‘अनुभवपत्राचं व्हेरिफिकेशन’ म्हणून ४,०००. सगळं यूपीआयने, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही. एवढ्यावरच उठायला हवं होतं. तुम्ही उठा.

पण मला जे आजही झोपू देत नाही ते वेगळंच आहे. दुसऱ्या आठवड्यात ‘क्लायंटचं प्रॉडक्शन’ म्हणून आम्हाला जे कन्सोल (खातं चालवायचं पान) दाखवलं, त्यात दोन टी२ मायक्रो, म्हणजे अगदी छोटी, मशिन्स होती आणि फ्री टियरची (नव्या खात्याला मिळणाऱ्या फुकट वापराची) मर्यादा संपत आल्याची सूचना. उजव्या कोपऱ्यात एका मुलीचं नाव. कुठल्या कंपनीचं प्रॉडक्शन फ्री टियरवर चालतं? मला ते दिसलं, मी ते वाचलं, मी विचारलंसुद्धा. सर म्हणाले, ‘ते स्टेजिंग आहे रे, चाचणीसाठीचं, प्रॉडक्शनचा ॲक्सेस पुढच्या महिन्यात.’ आणि मी गप्प बसलो, कारण १८,००० भरून झाले होते. ती मुलगी आधीच्या बॅचची होती. तिचं खातं आम्हाला क्लायंट म्हणून दाखवत होते.

पाचव्या आठवड्यात ‘मायग्रेशनचा सराव’ निघाला. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यात त्यांच्यासाठी आयएएम युजर (खात्यातला वेगळा वापरकर्ता) काढायचा, ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस, म्हणजे सगळ्या परवानग्या, द्यायचा आणि त्याची ॲक्सेस-की (खात्यात शिरायची चावी) ग्रुपवर टाकायची. लागेल तेवढीच परवानगी द्यावी, हा नियम मी पाठ केलेला. तरी दिली. सगळेच देत होते आणि जो देणार नाही तो प्रोजेक्टबाहेर, असं तोंडावर सांगितलं होतं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

बिल आलं १,१७,३१२ रुपये. मी रोज कन्सोल बघत होतो, मुंबई रीजन (मशिन्स जिथे चालतात तो विभाग), रिकामं. ईसी२चं, म्हणजे मशिन्सचं, पान एका वेळी एकाच रीजनची मशिन्स दाखवतं. त्या कीने सुरू केलेली मोठी मशिन्स ओरेगन आणि फ्रँकफर्टमध्ये सतरा दिवस चालू होती. बिलिंगचं पान मी उघडलंच नव्हतं. खातं काढलं की दुसरं काही करायच्या आधी बजेटचा अलर्ट लावा, रूट युजरला (खात्याच्या मुख्य लॉगिनला) एमएफए लावा, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी ओळखही लागते. ॲक्सेस-की कुणालाही देऊ नका, शिकवणाऱ्याला तर नाहीच. मी एडब्ल्यूएसच्या सपोर्टकडे तक्रार केली, क्लाउडट्रेलच्या (खात्यात कुणी काय केलं त्याच्या) नोंदी दिल्या, तेव्हा बरंचसं माफ झालं. उरलेले २३,४६० मी भरले. फीसकट ६५,९६० गेले.

आता पोलीस. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. ठाण्यात गेलो तर म्हणे, ‘चावी तुम्हीच दिली ना? मग चोरी कसली?’ दुसऱ्यांदा गेलो तर हद्द आमची नाही, ऑफिस जिथे आहे तिथे जा. तिथे गेलो तर तुम्ही राहता तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ते कलम छापून नेलं. हवालदारांनी कागद न वाचता परत दिला. तिसऱ्यांदा कळलं की आयटी कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यांच्या वरचे अधिकारीच करू शकतात आणि निरीक्षक साहेब बंदोबस्ताला गेलेत. पाच हेलपाटे, पाच अर्ध्या रजा. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कौशल्य विकासाच्या कार्यालयात म्हणाले, ती संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही, आम्ही काय करणार? अहो, नोंदणी न करता क्लास चालवतात हीच तर माझी तक्रार आहे!

अनुभवपत्रही आलं. त्यात माझी ‘दोन वर्षांची’ नोकरी लिहिलेली. मी ते कुठेच दिलं नाही, देऊही नका. पीएफची नोंद नसलेली नोकरी व्हेरिफिकेशनमध्ये पकडली जाऊ शकते.

आता घरी स्वतःच करतो. मामांच्या बियाण्यांच्या दुकानाचं बिलिंग आणि साठ्याची यादी एका छोट्या मशिनवर चालवतो, रात्री बॅकअप घेतो आणि दर रविवारी त्या बॅकअपवरून सगळं नव्याने उभं करून बघतो. काम झालं की नॅट गेटवे (आतल्या मशिन्सना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) काढून टाका, तो नुसता पडून असला तरी तासाचे पैसे लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४लाही (मशिनच्या इंटरनेटवरच्या पत्त्याला) लागतात. मागच्या मुलाखतीत मी ‘बॅकअप रिस्टोर झाला नाही तेव्हा काय केलं’ हे वीस मिनिटं सांगत होतो आणि समोरचे ऐकत होते.

ज्यांनी अशाच ठिकाणी पैसे भरलेत त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज आणि ती जाहिरात जपून ठेवा. ग्रुप डिलीट होण्याआधी आजच एक्सपोर्ट करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही आणि अनेक ग्राहक मिळून एकच तक्रार करू शकतात. आमच्या बॅचचे सहा जण तयार आहेत. ती आधीच्या बॅचची मुलगी हे वाचत असेल, तर तिने संपर्क करावा.