आठ महिने 11.6 इंची लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट: सगळा राग उजव्या शिफ्टवर

प्रोसेसर, रॅम, बॅटरी यांचं पुराण इथे नाही. फक्त टायपिंग, तेही मराठी इन्स्क्रिप्टमधलं, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीतलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही; अशा ठेवणीचे कीबोर्ड बऱ्याच छोट्या लॅपटॉपना असतात.

क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावून बघा. नेहमीच्या कीबोर्डवर 17.1 सेंटिमीटर भरतात, म्हणजे बटणाला 19 मिलिमीटर. इथे 15.3, म्हणजे 17. सुरुवातीला सगळ्या चुकांचं खापर या दोन मिलिमीटरवर फोडलं होतं, ते मागे घेतो. बोटं दोनेक आठवड्यांत सरावतात. बटण जेमतेम सव्वा मिलिमीटर दबतं, तेव्हा ठोकून टाइप करायची सवय मात्र सोडा, नाहीतर संध्याकाळी पेरं ठणकतात.

खरी डोकेदुखी उजवी शिफ्ट. इतर बटणांएवढीच, आणि तिला खेटून वरचा बाण. इंग्रजीत निभावतं. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, तेही शिफ्टसकट, आणि शिफ्ट धरायची दुसऱ्या हाताने, म्हणून आ, इ, ई, उ, ए, ओ या सगळ्यांना उजवी शिफ्ट लागते. वर ण बसलाय सीवर. साधं ‘आणि’ लिहायचं तर शिफ्ट-ई, शिफ्ट-सी, मग एफ. दोनदा तीच शिफ्ट! करंगळी जरा घसरली की कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि ण ऐवजी म भलत्याच शब्दात जाऊन बसतो. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप करणाऱ्यांना, हे दुखणं कळायचं नाही. त्यांचा ण कॅपिटल एनवर, त्याला डावी शिफ्ट, आणि ती इथे चांगली ऐसपैस आहे.

सहाव्या महिन्यात याच शिफ्टखालची क्लिप तुटली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, सुटं बटण मिळत नाही, कीबोर्ड वरच्या पॅनेलला रिव्हेटनी पक्का आहे, अख्खं पॅनेल बदला. त्या पैशांत साधे यूएसबी कीबोर्ड चार-पाच येतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुन्या पॅनेलमधली क्लिप शोधणार असाल तर तुटकी क्लिप सोबत न्या. मॉडेल नंबर तोच असला तरी क्लिपची घडण वेगळी निघू शकते.

फुकटचा उपाय आधी करायला हवा होता. विंडोजसाठीचं मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज हे सॉफ्टवेअर टाका, त्यात कीबोर्ड मॅनेजर उघडा, वरच्या बाणाला उजवी शिफ्ट नेमा आणि उजव्या कंट्रोलला वरचा बाण. आता करंगळी घसरली तरी शिफ्टच लागते, क्लिप तुटली काय नि राहिली काय. मात्र पॉवरटॉईज बंद असेल तर हे चालत नाही, आणि लॉगिनच्या पडद्यावरही नाही. पासवर्डमधलं कॅपिटल अक्षर डाव्या शिफ्टनेच टाका.

काही इन्स्टॉल करायचं नसेल तर शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करा. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही: डावी शिफ्ट एकदा दाबून सोडा, मग सी दाबा, ण हजर. वेग पडतो, पण लोकलमध्ये कोपर हलवायला जागा नसताना हेच बरं. तिथे टचपॅडची सेन्सिटिव्हिटीही ‘लो’ ठेवा. तळहात टेकायला जागा तोकडी, अंगठ्याचा बुंधा लागला की कर्सर पळतो.

सिलिकॉन कव्हर घेऊ नका. आधीच उथळ असलेलं बटण त्याखाली लागलं की नाही हेच कळत नाही, आणि पावसाळ्यात खाली ओल धरते ती वेगळीच. अडीचशे रुपये पाण्यात.