३,५०० किलोंचा शिक्का आणि माझे १२,५१,५०० रुपये

माझी ऑफ-रोडची जिप्सी ट्रेलरवर चढवून गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूंना नेता यावी म्हणून मी वापरलेली पिकअप घेतली आणि त्या व्यवहारात माझे १२,५१,५०० रुपये बुडाले. हे लिहिताना लाज वाटते, कारण जुनी गाडी पारखायला ओळखीची माणसे मलाच सोबत नेतात. पण मी गप्प बसलो, तर ज्याने ही गाडी माझ्या गळ्यात मारली तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसरी मारायला मोकळा राहील. महामार्गालगत गाड्या मांडून बसणाऱ्या त्या विक्रेत्याचे नाव तक्रार चालू असल्यामुळे देत नाही. मीटर मागे फिरवणे, बँकेचा बोजा लपवणे हे प्रकार सर्वांना ठाऊक असतात आणि ते मी तपासले होते. मीटर खरे होते, बोजा उतरलेला होता. खोटी होती ती चेसिस, म्हणजे गाडी ज्यावर उभी असते तो खालचा सांगाडा.

पिकअपच का, असे मला नंतर अनेकांनी शहाणपणाने विचारले. उंच केलेली, मोठ्या मड टायरची जिप्सी महामार्गावरून चालवत नेणे हा छळ असतो, आणि डोंगरात एखादा अ‍ॅक्सल तुटला तर ती परत आणायची कशी हा प्रश्न उरतोच. वजनकाट्यावर माझी जिप्सी विंच आणि सामानासह १,२४० किलो भरली, रिकामा ट्रेलर ५६० किलो, म्हणजे ओढायचे १,८०० किलो. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या वजनापेक्षा हलकी असू नये, तिला स्वतंत्र चेसिस असावी आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर (व्हीलबेस) लांब असावे, नाहीतर उतारावर ट्रेलरच गाडीला हाकू लागतो. नवी हायलक्स तीस लाखांच्या घरात जाते, ती माझ्या आवाक्याबाहेर होती. मालवाहू पिकअप घेतली तर व्यावसायिक नोंदणी आणि दरवर्षीच्या कागदांचा व्याप मागे लागतो. उरली इसुझू व्ही-क्रॉस: २.५ लिटरचे डिझेल इंजिन, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना ताकद आणि ३,०९५ मिलिमीटर व्हीलबेस. ही निवड मी आजही चुकीची मानत नाही. लोक इंजिनाच्या ताकदीवर तासन् तास वाद घालतात. ओढताना आधी ब्रेक आणि चेसिस कामाला येतात, हे मला चांगले माहीत होते आणि म्हणूनच जास्त संताप होतो.

२०१८ सालची ती गाडी विक्रेत्याने मागे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, बसवूनच दाखवली. हिचच्या गोळ्यावर ‘३५०० किलो’ असे कोरलेले होते आणि तो म्हणाला, “सर, कंपनीचीच आहे, साडेतीन टन ओढते.” तो शिक्का खरा होता, पण तो त्या ५० मिलिमीटरच्या गोळ्याचा होता. हिच ज्या पट्ट्यांवर बसवली होती त्या चेसिसच्या दांड्यांना नव्हे, तर मागच्या बंपरच्या कंसांना चार बोल्टांनी आवळलेल्या होत्या. जोडणीतला सर्वांत कमकुवत भाग जेवढे पेलतो तेवढीच हिचची क्षमता असते, म्हणून गोळ्यावरचा आकडा वाचून कोणीही पैसे मोजू नयेत; खाली झोपून बोल्ट कोठे गेले आहेत ते पाहावे.

मी खाली झोपलो होतो. केबिनच्या मागून शेवटपर्यंत चेसिसला ताजा काळा लेप होता, पुढच्या भागाला नव्हता. विचारल्यावर उत्तर तयार होते: गाडी कोकणात वापरलेली, मागे मासळीचे पाणी गळायचे, गंज धरू नये म्हणून लेप दिला. कोकणातून आलेल्या गाड्यांची अवस्था आम्ही कोल्हापूरकर रोज पाहतो, त्यामुळे हे उत्तर कोणालाही पटले असते.

पण त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि रात्री झोप येत नाही ती तिच्यामुळे. केबिन आणि हौदा (मागचा सामान ठेवायचा भाग) यांच्यामधली फट खाली रुंद आणि वर अरुंद होती. फरक जेमतेम बोटभराचा असेल. पिकअपची चेसिस वाकते ती बहुतेक केबिनच्या पाठीमागेच, आणि ती वाकली की हौदा पुढे कलतो किंवा मागे झुकतो. ही फट म्हणजे चेसिसचा एक्स-रे असतो. माझ्या खिशात मोजपट्टी होती. मी फटीकडे बोट दाखवले, तेव्हा विक्रेता हसून म्हणाला, “अहो सर, पिकअप हाय ही. हौद्याची रबरं नवीन घातलीत, बसतील हळूहळू.” शेजारी उभा असलेला त्याचा मिस्त्री मान डोलवत होता. हौद्याखालची रबरे खरोखरच बदलता येतात आणि नवी रबरे खरोखरच दबतात, म्हणून मोजपट्टी खिशातच राहिली. या माणसाची कला ही, की त्याचे प्रत्येक खोटे एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकवलेले असते.

विम्याच्या कागदाचेही तसेच झाले. आधीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्य होता. लागोपाठ पाच वर्षे दावा नसेल तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे शून्याचा सरळ अर्थ असा, की नुकताच दावा झाला असावा. त्यावर उत्तर आले, की आधीच्या मालकाने ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, म्हणून बोनस गेला. नियम अगदी असाच आहे. फक्त त्या मालकाने नूतनीकरण वेळेवर केले होते, हे त्याच्या मागच्या दोन पॉलिसी हाती आल्यावर कळले. एकच पॉलिसी पाहू नका, मागच्या दोन मागा. विक्रेता देत नसेल तर तेथून उठा.

ठरलेली किंमत ११,८५,००० रुपये होती. त्यातले ५१,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने दिले, ९,३९,००० आरटीजीएसने आणि १,९५,००० रोखीने. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही हे त्याला बरोबर ठाऊक होते. याशिवाय हिचचे ४८,००० आणि नावावर करण्याचे १८,५०० त्याने वेगळे लावले, तेही रोख. पावती मिळाली ९,९०,००० रुपयांची. रोख दिली नसती तर गाडी दुसऱ्याला जाणार होती, कारण सांगलीचा एक जण वाट पाहत असल्याचे मला तीनदा ऐकवण्यात आले. डिलिव्हरी नोटच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘गाडी पाहून, तपासून, समाधान झाल्यावर ताब्यात घेतली’ असे छापलेले असते, ते सहीपूर्वी वाचा आणि अपघाताचा इतिहास नसल्याचे त्यावर हाताने लिहून घ्या.

ट्रेलर ओढत जाताना गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढे एका गतिरोधकावर मागून कडकन आवाज आला. उतरून पाहिले तर हौद्याची वरची कड केबिनला टेकली होती. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग हिचवर येतो, म्हणजे माझ्या बाबतीत १८० किलो, आणि तोही मागच्या चाकांच्या पलीकडे, तरफेच्या टोकाला. चेसिसचा लपवलेला जोड तेथेच उकलला म्हणून मी आज लिहितो आहे. करूळ घाटाच्या उतारावर उकलला असता तर काय झाले असते, याचा विचार मी टाळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेप खरवडल्यावर दिसले, की दोन्ही दांड्या कापून, आत पट्टी घालून, बाहेरून झाळून आणि घासून सपाट केल्या होत्या. काम सफाईदार होते. ज्या शहराने ओतकाम आणि यंत्रकामात नाव कमावले, तेथला हात असल्या कामाला लागावा याची चीड येते.

यापुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा वाईट आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “साहेब, गाडी बघूनच घेतलीसा न्हवं? मग फसवणूक कसली?” नंतर सांगण्यात आले, की हा दिवाणी वाद आहे, त्यानंतर असे, की विक्रेत्याचे ठिकाण दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत येते, दुसऱ्या ठाण्याने मला पहिल्याकडे परत पाठवले. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, आणि हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितले, तेव्हा कागद ठेवून घेतला आणि मला चहा विचारला. अखेर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने लेखी अर्ज पाठवला. त्याची पोच आहे, उत्तर नाही. परिवहन कार्यालयात कळले, की नाव बदलताना कागद पाहिले जातात, चेसिसचा जोड पाहणे कोणाचे काम नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला त्याच कार्यालयाचे प्राधिकारपत्र लागते. या विक्रेत्याकडे ते आहे का, या साध्या प्रश्नावर ‘माहितीच्या अधिकारात अर्ज करा’ असे उत्तर मिळाले, आणि वर मलाच विचारले गेले, की गाडीत बदल करून हिच लावायला परवानगी कोणी दिली! विमा कंपनी सांगते, की जुन्या दाव्याचा तपशील आधीच्या ग्राहकाचा असल्याने तो देता येत नाही. गाडी माझी, चेसिस माझी, तिच्यावरचा वेल्डही माझा, पण तो कशामुळे झाला ही माहिती दुसऱ्याची!

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तेथे मोजली जाते ती दिलेली किंमत, आणि माझ्या हातात पुरावा आहे तो ९,९०,००० रुपयांचाच. रोखीचे २,६१,५०० रुपये सिद्ध करणे माझ्यावर येऊन पडले आहे. दहा लाखांच्या आत असल्याने शुल्क मात्र २०० रुपयेच लागले, एवढाच काय तो फायदा. दुरुस्तीचा अंदाज २,४०,००० रुपयांचा आला आहे, पण वकिलांच्या सल्ल्याने मी जोडाला हात लावू दिलेला नाही, कारण तपासणी होईपर्यंत तोच पुरावा आहे. त्याच विक्रेत्याकडून कोणी पिकअप घेतली असेल, तर केबिनमागची फट वर आणि खाली दोन्हीकडे मोजून घ्यावी, फोटो काढून ठेवावेत आणि लेप खरवडण्याआधी पंचनामा करून घ्यावा; मी तो न करता खरवडले, आणि आता विरुद्ध बाजू म्हणते आहे की वेल्ड मीच करवून घेतला.